पेशंट परत यायला हवा: व्यसनमुक्ती समुपदेशन आणि घरच्यांसोबतचं काम

समाजकार्याचं शिक्षण संपवून व्यसनमुक्तीच्या कामात आलेल्याला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न पडतो. औषधं डॉक्टर लिहितात, सलाईन नर्स लावते, सोडायचं ते पेशंटनं. मग आपण करायचं काय? सगळ्यात लांब चालणारं काम आपल्याकडे येतं. अंगातली दारू उतरायला आठवडाभर पुरतो. पण दारूभोवती बसलेली दिवसाची घडी, पगाराच्या दिवसाची धास्ती, बायकोनं खोटं बोलून सांभाळलेली नवऱ्याची नोकरी, शाळेतून येताना बापाच्या चपला दारात आहेत का ते आधी बघणारं पोर, यातलं काहीच डिस्चार्जच्या कागदावर नसतं. ते सगळं आपल्या टेबलावर येतं.

या कामाला एकच मोजपट्टी लावा: आजच्या भेटीनंतर हा माणूस, निदान त्याच्या घरचं कुणीतरी, पुढच्या वेळी परत येईल का? कबुली मिळाली, डोळ्यांत पाणी आलं, शपथही घेऊन झाली आणि माणूस पुन्हा फिरकलाच नाही, तर त्या भेटीतून हाती काही लागलं नाही.

आधी जीव

नवा समुपदेशक हमखास इथे चुकतो. पेशंट समोर बसलाय, बोलायला तयार आहे, म्हणून तो थेट बालपणापासून सुरुवात करतो. त्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: शेवटचं कधी घेतलं, किती घेतलं, आणि मागे कधी बंद केलं तेव्हा काय झालं होतं? फिट आली होती का, भास झाले होते का, दवाखान्यात न्यावं लागलं का?

हे तास मोजण्यामागे कारण आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. त्यानंतर ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात काहींना डिलिरियम होतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही, अंगावर किडे फिरताना दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावू शकतो. म्हणून ‘कालपासून थेंब घेतला नाही’ असं कुणी सांगितलं की शाबासकी देण्याआधी त्याला दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगा. थरथर दिसली किंवा पूर्वी फिट येऊन गेलेली असली, तर आज तो डॉक्टरांकडे जातो, गप्पा नंतर. ‘खोलीत कोंडा, चार दिवसांत सरळ होईल’ हा शेजाऱ्यांचा सल्ला घरच्यांनी ऐकलेला असतोच. तो जिवावर बेतू शकतो, हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचं, म्हणजे बेंझोडायझेपाइन गटाच्या औषधांचं, असंच आहे. रोजच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायच्या असतात. हेरॉइन किंवा अफूच्या टर्कीत, म्हणजे नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासात, माणूस भयंकर दिसतो: नाक गळतं, जांभया, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग. नीट पाणी मिळत राहिलं तर धडधाकट माणूस यातून सहसा पार होतो. खरा धोका त्यानंतर असतो. दोन-तीन आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापानं घेतो. श्वास थांबतो. उपचार किंवा तुरुंगवास संपवून बाहेर पडणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हे सांगितल्याशिवाय केस पेपर बंद करू नका. नॅलोक्सोन, म्हणजे अफू-हेरॉइनचा ओव्हरडोस उलटवणारं औषध, मिळत असेल तर ते कसं द्यायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे हातानं करून दाखवा.

आणखी एक. तोल जातोय, डोळे विचित्र हलतायत, बोलण्यात गोंधळ आहे, तर ‘अजून उतरलेली नाही’ असं गृहीत धरू नका. बरीच वर्षं पिणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या माणसात थायमिनच्या (व्हिटॅमिन बी-१) कमतरतेनं असं होतं, आणि तासातासानं मेंदूचं नुकसान होत असतं. तातडीनं डॉक्टर.

आत्महत्येबद्दल थेट विचारा: “जगणं नको, असं मनात येतं का? काही ठरवलंय का?” विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचा आधारच वाटतो.

‘थोडीशी’चं माप

पेशंट म्हणतो थोडीशी, बायको म्हणते बेसुमार. दोघंही खोटं बोलत नसतात. माप कुणाकडेच नसतं. टेबलावर रिकामा ग्लास आणि पाण्याची बाटली ठेवा आणि त्याला म्हणा, “रोजचा पेग भरून दाखवा.” मग ते पाणी मापात ओता. ‘दोन पेग’ कित्येकदा १८० मिलिलिटर भरतात. आता हिशोब करा: १८० मिलिलिटर, ४० टक्के दारू, म्हणजे ७२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून ०.७९ नं गुणा. आले जवळपास ५७ ग्रॅम. एक प्रमाण पेय १० ग्रॅमचं धरलं तर ही झाली सहाच्या आसपास पेयं. हा गुणाकार पेशंटच्या हातात पेन्सिल देऊन त्यालाच करू द्या. समुपदेशकानं सांगितलेला आकडा तो नाकारतो, स्वतः काढलेला नाकारणं जड जातं.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही १० प्रश्नांची चाचणी वापरा. गुण ० ते ४०. ८ पासून धोक्याचं पिणं, १६ पासून नुकसान करणारं, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवायचं. दारूसोबत गांजा, गोळ्या, तंबाखू असं सगळंच असेल तर त्याच संघटनेची असिस्ट चाचणी घ्या. चार प्रश्नांची केज झटपट होते, दोन ‘हो’ आले की पुढे तपासायचं; पण ती आयुष्यभराबद्दल विचारते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी सोडलेलाही तिच्यात सापडतो. या चाचण्या उलटतपासणीसारख्या घेतल्या तर आकडे खाली येतात. आधी कालच्या दिवसाबद्दल विचारा: उठलात कधी, पहिल्यांदा आठवण कधी आली, पैसे कुठून आले, कुणासोबत बसलात, घरी कसे पोचलात? अर्ध्या तासात चाचणीतले बरेचसे प्रश्न आपोआप भरले जातात.

याच भेटीत किंवा पुढच्या भेटीत तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला व्यसन आहे त्याच्या आकृतीचा खालचा अर्धा भाग गडद. तणावाच्या नात्याला नागमोडी रेघ. कागद पेशंटकडे वळवून ठेवा. आजोबा, काका, मामा असे खालून भरलेले चौकोन एकामागोमाग दिसले की ‘माझंच मन कमकुवत’ हे पालुपद जरा सैल होतं. सोबत हेही सांगावं लागतं की वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. त्याच कागदावरचे कोरे चौकोन दाखवा आणि विचारा, हे कसे वाचले?

वाद घातला की तो गप्प होतो

१९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मांडलेली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत या कामाचा कणा आहे. व्यसनी माणसाला सोडायचंही असतं आणि सोडायचं नसतंही. आपण ‘सोडा’ची बाजू घेतली की त्याच्या वाट्याला ‘सोडत नाही’ची बाजू उरते, आणि ती तोंडानं मांडता मांडता त्याला पटतही जाते. म्हणून बदलाची बाजू त्याच्या तोंडून यायला हवी.

“माझी बायको उगाच बाऊ करते. सगळेच पितात.”

इथे “पण तुमचे यकृताचे रिपोर्ट बघा” म्हटलं की वाद सुरू. त्याऐवजी:

“तुम्हाला वाटतं, जेवढं आहे त्यापेक्षा ते मोठं करून सांगितलं जातंय.”

“मोठं म्हणजे… रात्री आवाज चढतो माझा, तेवढं खरं आहे.”

“आवाज चढतो, आणि ते तुम्हाला आवडत नाही.”

“पोरगी उठून बसते ना.”

आता थांबा. ‘पोरगी उठून बसते’ हे वाक्य त्याचं आहे. ते त्याच्याच शब्दांत नोंदवा. पुढच्या सहा महिन्यांत त्याच्याकडे परत परत यावं लागेल. नवशिक्याला शांतता सहन होत नाही, तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो आणि ते वाक्य वाहून जातं. पाच सेकंद मोजा, मग बोला.

मोजपट्टीचा प्रश्नही असाच उलटा विचारायचा असतो. “सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?” तो म्हणाला चार. “चारच का?” विचारलं की तो कारणं देत दोनवर येतो. “शून्य का नाही, चार का?” विचारलं की सोडण्याची कारणं सांगू लागतो.

आपलं किती जमतंय हे तपासायचं असेल तर पेशंटची लेखी परवानगी घेऊन २० मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मोजा: प्रश्न किती विचारले, त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगणारी वाक्यं किती? एका प्रश्नामागे असं एक वाक्य असेल तर कामचलाऊ, दोन असतील तर चांगलं. सुरुवातीला बहुतेकांचं गणित दहा प्रश्नांमागे दोन वाक्यं असं काहीतरी निघतं.

घरचे साक्षीदार नसतात

बऱ्याच ठिकाणी घरच्यांना दोनच कामांसाठी बोलावतात: पेशंटची माहिती द्यायला आणि तो घरी गेल्यावर पहारा करायला. यात बायको किंवा आई स्वतः मदत घ्यायला आलेली असते, हे राहूनच जातं. तिचा वेगळा कागद करा. तिची झोप, तिचं ब्लडप्रेशर, तिची नोकरी आणि ती शेवटची स्वतःसाठी घराबाहेर कधी पडली, हे त्यावर लिहा.

पहिली भेट नेहमी स्वतंत्र. एकत्र बसवलं की ती जपून बोलते, आणि घरी गेल्यावर त्या बोलण्याचा हिशोब होतो. स्वतंत्र भेटीत मारहाणीबद्दल विचारायचंच, तेही आडवळणानं नाही: “तुमच्यावर हात उचलतात का? गळा धरलाय का कधी? मुलांसमोर?” गळा आवळल्याचं सांगितलं तर तो जिवाला असलेल्या धोक्याचा मोठा इशारा आहे, सुपरव्हायझरला त्याच दिवशी कळवा. मारहाण चालू असताना जोडप्याची एकत्र भेट घेऊ नका, ती कितीही मागितली तरी. दारू सुटली की मार थांबेल असं आश्वासनही देऊ नका. कधी थांबतो, कधी नाही. तिच्याबरोबर बसून ठरवा: घर सोडायची वेळ आली तर कुठे जायचं, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवायचे, फोनवर कुठला शब्द बोलला की बहिणीनं समजायचं. छापील पत्रक तिच्या पर्समध्ये देऊ नका, ते सापडतं.

मारहाण नाही अशा घरांत सगळ्यात उपयोगी पडतं ते घरच्यांनी घातलेलं पांघरूण काढण्याचं काम. तो पिऊन पडला की ऑफिसात ‘ताप आलाय’ असा फोन बायको करते, उधारी आई फेडते, ओकलेलं रात्रीच पुसून ठेवलं जातं. सकाळी तो उठतो तेव्हा रात्री काही झाल्याची खूणच नसते. घरच्यांना एका आठवड्याचा कागद द्या, दोन रकाने: ‘मी त्याच्यासाठी काय केलं’ आणि ‘मी केलं नसतं तर काय झालं असतं’. पुढच्या भेटीत त्या यादीतून एकच गोष्ट निवडा, जी थांबवल्यानं झळ फक्त त्याला बसेल. ऑफिसातला फोन ही बहुतेकदा चांगली सुरुवात असते. घरभाडं, मुलांची फी या गोष्टी पहिल्यांदा निवडायच्या नसतात, कारण झळ मुलांना लागते. आणि गाडीची किल्ली काढून घेणं, फिट येतेय म्हणून दवाखान्यात नेणं याला पांघरूण म्हणत नाहीत; ते करायचंच. ‘आता काहीच करू नका, त्याला तळ गाठू द्या’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी तळाशी काय असतं ते पाहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट भांडणाच्या वेळेची. बहुतेक घरांत तो पिऊन आला की सगळे जागे होतात, त्याच्याशी बोलतात, ओरडतात, रडतात, जेवायला वाढतात. तो न पिता आला की कालच्या रागानं घर अबोल. म्हणजे पिण्याला सगळी दखल आणि न पिण्याला शिक्षा! हे उलटं करायचं असतं. प्यायलेला असताना चार शब्दांत आटपून बाजूला व्हायचं: “आत्ता नको, सकाळी बोलू.” न प्यालेला असताना जवळ बसायचं. सकाळी काय बोलायचं तेही इथेच, आपल्यासमोर घोकून घ्या.

घरातलं नेहमीचं वाक्य: “रोजचंच झालंय तुमचं, पोरांची तरी लाज बाळगा.”

त्याच्या जागी: “मंगळवारी तुम्ही न पिता आलात आणि धाकट्याची गणितं घेतलीत. मला फार बरं वाटलं. शनिवारीही तसं झालं तर आपण चौघं बाहेर जाऊ.”

वाक्य छोटं, एकाच दिवसाबद्दल, आपल्याला काय वाटलं ते सांगणारं, आणि ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द टाळणारं. घरच्यांना पहिल्यांदा हे खोटं-खोटं वाटतं. “त्यानं एवढं छळलंय आणि मीच गोड बोलू?” हा राग रास्त आहे, त्याला जागा द्या. मग सांगा की दोन आठवडे करून बघू, जमलं नाही तर दुसरं शोधू.

ही पद्धत रॉबर्ट मेयर्स यांच्या क्राफ्ट या कार्यक्रमातली आहे. पिणारा स्वतः यायलाच तयार नाही अशा घरांसाठी ती बांधली गेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १३० घरच्यांना तीन गटांत विभागलं होतं. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्क्यांच्या घरातला पिणारा उपचारांना आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून समोरासमोर सुनावण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, मुख्यतः त्या बैठकीपर्यंत बहुतेक कुटुंबं पोचलीच नाहीत म्हणून. अल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे स्वमदत गट, त्या वाटेनं गेलेल्यांत १३ टक्के. पण १९५१ पासून चालत आलेल्या अल-अ‍ॅनॉनचा हेतूच वेगळा आहे: तिथे घरचे स्वतःसाठी जातात. ‘हे मी घडवलं नाही, मी ताब्यात ठेवू शकत नाही, मी बरं करू शकत नाही’ ही तिथली त्रिसूत्री एका दमलेल्या आईला आपल्या दहा भेटींपेक्षा जास्त देऊन जाते. दोन्हीकडे पाठवा.

औषधांबद्दल घरच्यांना ठणकावून सांगायच्या दोन गोष्टी. डायसल्फिराम, ही दारूपासून लांब राहण्यासाठी दिली जाणारी गोळी, कुणालाही नकळत देऊ नका, भाजीत कालवून तर नाहीच. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, ब्लडप्रेशर कोसळतं. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत हे होऊ शकतं, आणि खोकल्याच्या काही औषधांतल्या अल्कोहोलनंही. पेशंटला माहीत असताना, त्याच्या संमतीनं, रोज ठरलेल्या वेळी घरच्यांसमोर घेतली तरच तिचा उपयोग. दुसरी: हेरॉइन-अफूच्या व्यसनावर डॉक्टरांनी दिलेलं मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन चालू असलेल्याला ‘एक सोडून दुसरी नशा लागली’ म्हणून गोळ्या बंद करायला लावू नका. त्या गोळ्यांवर माणूस कामाला जातो, मुलांना शाळेत सोडतो. त्या तोडल्या की जो ओव्हरडोसचा धोका वर सांगितला, तो परत येतो.

मुलांशी बोलायला मोठे घाबरतात, पण मुलांना सगळं माहीत असतं, फक्त त्याचं कारण त्यांनी चुकीचं लावलेलं असतं: ‘मी अभ्यास करत नाही म्हणून बाबा पितात.’ सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: “बाबांना एक आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही. भीती वाटली तर या माणसाकडे जायचं.” ‘या माणसा’चं नाव आणि फोन आधी ठरलेला हवा. आणि बाबांनी बाटली कुठे लपवली ते शोधायला मुलाला पाठवणं आजपासून बंद.

एका गोष्टीची कल्पना कुटुंबाला कुणी देत नाही, ती तुम्ही द्या: दारू सुटल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरात भांडणं वाढतात. इतकी वर्षं सगळे निर्णय बायकोनं घेतलेले असतात. आता तो म्हणतो, मी आहे ना. ती पासबुक सोडत नाही, तो म्हणतो अजून विश्वास नाही. तोंडाचा वास घेणं सुरूच असतं. याचा लेखी करार करा: पैशांचे कोणते व्यवहार कधीपासून त्याच्याकडे, दिवसातून एकदाच आणि कुठल्या वेळी ‘कसा गेला दिवस’ विचारायचं, बाकी वेळी पाळत नाही. करार एका महिन्याचा, मग पुन्हा बसायचं.

घसरला, तर

उपचारांनंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा वापराकडे वळतात. ब्लडप्रेशर आणि दम्याचे पेशंट औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात तेही साधारण अशाच प्रमाणात, पण त्यांना कुणी नीतिमत्ता शिकवत नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दाखवून दिलेली गोष्ट इथे कामाची आहे: पहिल्या पेगनं जेवढं नुकसान होत नाही तेवढं त्यानंतरच्या ‘आता गेलंच सगळं’ या विचारानं होतं. म्हणून पेशंटला आधीच, तो चांगला असतानाच सांगून ठेवा: घसरलात तर २४ तासांत फोन. रागावणार नाही. त्याच्या पाकिटात एक कार्ड असू द्या, त्यावर तीन फोन नंबर आणि एक ओळ: ‘एक पेग म्हणजे एक पेग.’

घसरून आलेल्याबरोबर मागे मागे जायचं. पेग घेतला शनिवारी रात्री नऊला. आठला कुठे होता? दुपारी? शुक्रवारी झोप झाली होती? बहुतेकदा दोन-तीन दिवस मागे एखादं भांडण, एखादा अपमान, एखादी जुनी संगत सापडते. मार्लट यांच्या पाहणीत जवळपास तीन-चतुर्थांश घसरणींमागे मनाची वाईट अवस्था, माणसांशी खटके आणि सोबत्यांचा आग्रह ही तीनच कारणं होती. साखळीची कुठली कडी तोडता आली असती ते पेशंटला शोधू द्या.

तलफ न भागवताही उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, हे त्याला घड्याळ लावून अनुभवू द्या: दर पाच मिनिटांनी तलफेला शून्य ते दहा आकडा लिहायचा, बाकी काही नाही. नकाराची तालीम उभ्यानं घ्या, तुम्ही आग्रह करणारा मित्र व्हा. ‘औषध चालू आहे’ हे कारण शिकवू नका. औषध संपल्यावर मित्र परत विचारतो. “मी पीत नाही,” एवढंच, आणि लगेच विषय बदलून तिथून उठायचं.

नोंदी, सुपरव्हिजन, नोकरी

नोंद त्याच दिवशी. ‘खोटारडा’, ‘सहकार्य नाही’ असली विशेषणं नकोत. जे दिसलं ते लिहा: ‘हात थरथरत होते, तोंडाला वास नव्हता, तीन वेळा घड्याळ पाहिलं.’ हा कागद उद्या कोर्टात किंवा पेशंटच्याच हातात जाऊ शकतो. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगा: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश. घरच्यांना काय सांगायचं, काय नाही, याची पेशंटकडून लेखी परवानगी घ्या. बायको फोनवर “आला होता का आज?” विचारते तेव्हा हाच कागद कामाला येतो.

आठवड्याला एक तास सुपरव्हिजन मिळेल का, हे नोकरी स्वीकारण्याआधी विचारा. पगाराइतकंच ते महत्त्वाचं. स्वतःचा मोबाईल नंबर देऊ नका, पेशंटला पैसे उसने देऊ नका, घरभेटीला एकट्यानं जाऊ नका आणि निघताना ऑफिसात पत्ता व परतायची वेळ लिहून ठेवा. पेशंट आवडायला लागला किंवा त्याचा तिरस्कार वाटू लागला, दोन्ही गोष्टी सुपरव्हायझरला सांगण्यासारख्याच आहेत. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले सहकारी बरोबर असतील तर त्यांच्याशी स्पर्धा करू नका. पेशंटची थाप त्यांना दोन मिनिटांत कळते. कुटुंबाची मांडणी, कायदा, सरकारी कागद तुम्हाला कळतात.

पहिलं वर्ष निवासी केंद्रात किंवा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काढावं. विड्रॉवल, औषधं, ग्रुप चालवणं तिथे डोळ्यांसमोर शिकायला मिळतं. पण तिथे फार रमू नका. चार भिंतींत सगळेच शहाणे असतात. दुसऱ्या वर्षी वस्तीत, फॉलोअपच्या कामात, तुरुंगात किंवा कंपनीच्या कामगार कल्याण विभागात जा. वर शिकवलेलं घरात टिकतं का, ते तिथेच कळतं. त्यानंतर कुटुंबोपचार, आघातानंतरचं काम किंवा किशोरवयीन मुलं यांतलं एक धरून प्रशिक्षण घ्यावं.

न आलेला पेशंट

ठरलेल्या वेळी पेशंट आला नाही तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. आठवडा जाऊ दिला की त्याला लाज वाटायला लागते आणि लाज वाटणारा माणूस फोन उचलत नाही. “का नाही आलात?” या प्रश्नानं सुरुवात नको. “आज तुमची वाट पाहिली. बरे आहात ना? गुरुवारी साडेचारला जागा ठेवू का?” एवढंच. दिवस आणि वेळ तुम्हीच सुचवा. ‘कधीही या’ म्हटलं की तो कधीच येत नाही. फोन उचलला नाही तर मेसेज, पण त्यात व्यसन किंवा केंद्र असा शब्द नको, फोन घरात कुणाच्याही हातात असतो. तीन दिवसांनी दुसरा प्रयत्न, दहाव्या दिवशी एक साधं पत्र. परवानगीचा कागद झालेला असेल तर घरच्यांना फोन करा आणि त्याची चौकशी करण्याआधी विचारा, “ताई, तुम्ही कशा आहात?” तो आला नाही, तरी गुरुवारची साडेचारची वेळ त्या घेऊ शकतात.